एका नखाची शंभर वर्षं: व्हेलोसिरॅप्टर शिकार कशी करायचा?



आज सुरुवातीलाच एक छोटंसं काम. उजव्या हाताची तर्जनी आकड्यासारखी वाकवून बघा. वाकवलीत? साधारण त्या आकाराचं, बाहेरच्या कडेनं मोजलं तर साडेसहा सेंटिमीटर भरणारं, विळ्यासारखं वळलेलं एक नख डोळ्यांसमोर आणा. आजचा अख्खा भाग या एका नखावर आहे. नख आहे व्हेलोसिरॅप्टरचं. हो, तोच तो, ‘ज्युरासिक पार्क’मध्ये स्वयंपाकघरात दोन पोरांच्या मागे लागलेला.

सिनेमाकडे येऊच. पण आपला प्रश्न त्याहून जुना आणि अगदी साधा आहे: हे नख होतं कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांत तीन वेळा बदललं. नख दगडात होतं तसंच राहिलं, आणि त्याच्यासोबत आपल्या डोक्यातला अख्खा प्राणी बदलत गेला. कसा, ते आज बघू.

तर चला, १९२३ साल. मंगोलियातलं गोबी वाळवंट. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मोठी मोहीम तिथे चालू होती. प्रमुख होते रॉय चॅपमन अँड्र्यूज. मोटारगाड्यांचा ताफा, आणि त्या गाड्यांना लागणारं पेट्रोल लादून आणायला उंटांचा तांडा, असा सगळा मामला. गंमत म्हणजे ही मंडळी डायनोसॉरसाठी गेलीच नव्हती. त्यांना हवे होते माणसाचे पूर्वज. ते काही मिळाले नाहीत. मिळाले ते डायनोसॉर, आणि तेही ढिगानं. बायनझाग नावाच्या जागी लालभडक मातीचे कडे आहेत. संध्याकाळच्या उन्हात ते पेटल्यासारखे दिसतात, म्हणून अँड्र्यूज यांनी त्यांना ‘फ्लेमिंग क्लिफ्स’ म्हटलं. जुलैमध्ये तिथे डायनोसॉरची अंडी सापडली आणि पुढे जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या अंड्यांनाच डोक्यावर घेतलं. त्याच हंगामात, ११ ऑगस्टला, पीटर कायसेन या सहकाऱ्याला एक कवटी सापडली. चेपलेली, पण पूर्ण. शेजारी एक वाकडं नख.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९२४ मध्ये, म्युझियमचे अध्यक्ष हेन्री फेअरफिल्ड ऑसबॉर्न यांनी त्याचं बारसं केलं: व्हेलोसिरॅप्टर मंगोलिएन्सिस. लॅटिनमधला अर्थ, मंगोलियाचा चपळ लुटारू. आणि नख? ते हाताचं असणार, असं ऑसबॉर्न यांनी गृहीत धरलं. त्यात त्यांना हसण्यासारखं काही नाही हं. समोर फक्त कवटी आणि एक नख, आणि शिकारी प्राण्याचं वाकडं नख म्हटलं की हाताचा पंजाच आठवतो. हे झालं नखाचं पहिलं काम: हातानं झडप घालणं.

त्यानंतर चाळीस वर्षं या नखाकडे फारसं कुणी वळून बघितलं नाही. १९३० नंतर अमेरिकन संशोधकांसाठी मंगोलियाची दारं बंद झाली ती थेट १९९० पर्यंत. आणि तसाही त्या काळात डायनोसॉर हा विषय जरा बाजूलाच पडला होता. मोठे, सुस्त, थंड रक्ताचे, निसर्गानं मोडीत काढलेले प्राणी, अशी त्यांची प्रतिमा होती.

ती मोडली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात. ऑगस्ट १९६४. येल विद्यापीठाचे जॉन ऑस्ट्रम आणि त्यांचे सहायक ग्रँट मायर हंगाम संपता संपता ब्रिजर गावाजवळच्या एका उतारावरून चालले होते. मातीतून एक नखवाला हात बाहेर डोकावत होता. ते उकरायला लागले आणि मग पाय सापडला. पायाच्या दुसऱ्या बोटाला विळ्यासारखं भलंमोठं नख!

म्हणजे हे नख हाताचं नव्हतंच. पायाचं होतं.

पुढच्या दोन-तीन हंगामांत तिथून हजारावर हाडं निघाली. १९६९ मध्ये ऑस्ट्रम यांनी त्या प्राण्याला नाव दिलं डायनॉनिकस, म्हणजे ‘भयंकर नख’. तीन मीटरहून थोडा लांब, वजनानं माणसाएवढा. व्हेलोसिरॅप्टरचा हा नात्यातलाच, पण काळानं साडेतीन-चार कोटी वर्षं आधीचा.

आता जरा शरीररचनेकडे या, कारण ऑस्ट्रम यांची खरी कमाल इथे आहे. त्या पायाचा सांधा बघून त्यांच्या लक्षात आलं की हा प्राणी चालताना फक्त तिसरं आणि चौथं बोट जमिनीला टेकवत असणार. दुसरं बोट, नखासकट, वर उचललेलं. का? तर नखाची धार जमिनीवर घासून जाऊ नये म्हणून. मांजर आपली नखं आत ओढून ठेवतं ना, तसाच हिशोब, फक्त पद्धत वेगळी. मग शेपूट. तिच्या मणक्यांपासून निघालेल्या हाडांच्या लांब काड्या एकमेकींना लागून पुढे जातात, जणू शेपटीभोवती काड्यांची जुडी बांधली आहे. जमिनीवर ओढत न्यायची शेपूटच नव्हे ती! डोंबारी तारेवरून चालताना हातात काठी धरतो, तसं तोल सांभाळायचं साधन. आणि ज्याला एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्या पायानं लाथ मारायची आहे, तो प्राणी सुस्त कसा असेल? त्याच्या अंगात सतत ऊर्जा खेळत असणार. ऑस्ट्रम यांचे विद्यार्थी रॉबर्ट बॅकर यांनी त्या शोधनिबंधासाठी डायनॉनिकस भरधाव धावतानाचं चित्र काढलं. मान पुढे, शेपूट ताठ, पाय हवेत. डायनोसॉरकडे बघायची जगाची नजर बदलण्यात त्या एका चित्राचा मोठा वाटा आहे.

आणि नखाचं काम? आपल्या मराठी डोक्यात वाकडी नखं आणि पोट हे दोन शब्द शेजारी आले की प्रतापगड आठवतोच. ऑस्ट्रम यांनी सांगितलेलं कामही तसंच होतं: उडी घ्यायची, लाथ मारायची आणि नखानं भक्ष्याचा कोथळा बाहेर काढायचा. डायनॉनिकसच्या हाडांसोबत टेनोन्टोसॉरस नावाच्या मोठ्या शाकाहारी डायनोसॉरचे अवशेष मिळाले होते. एवढा मोठा प्राणी एकट्यानं पाडता येणार नाही, म्हणजे हे टोळीनं शिकार करत असतील, असाही तर्क त्यांनी मांडला. हे नखाचं दुसरं काम: वाघनख. पुढची पस्तीस-चाळीस वर्षं जगानं हेच डोक्यात ठेवलं.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नख पायाचं, हे हाडांनी सांगितलं. बोट वर उचललेलं, हेही हाडांनी सांगितलं. पण कोथळा काढायचा, हे हाडांनी सांगितलं नव्हतं. तो ऑस्ट्रम यांचा अंदाज होता.

आणि दोनच वर्षांत एक साक्षीदार समोर आला. साक्षीदार कसला, रंगेहाथ पकडलेले दोघं!

१९७१ चा ऑगस्ट. पुन्हा गोबी. या वेळी पोलंड आणि मंगोलियाची संयुक्त मोहीम होती. नेतृत्व झोफिया किएलान-यावोरोव्स्का या पोलिश संशोधक बाईंकडे. त्या काळी वाळवंटातली एवढी मोठी मोहीम एक बाई चालवते, यावर खरं तर वेगळा भाग करायला हवा. तुग्रिकीन शिरे नावाच्या ठिकाणी त्यांच्या चमूला पांढरट वाळूच्या खडकात दोन सांगाडे एकमेकांत अडकलेले मिळाले. एक व्हेलोसिरॅप्टर. दुसरा प्रोटोसेराटॉप्स, म्हणजे मोठ्या मेंढीएवढा, पोपटासारखी चोच आणि मानेमागे हाडाची झालर असलेला शाकाहारी. व्हेलोसिरॅप्टर कुशीवर पडलेला आहे. त्याचा उजवा हात प्रोटोसेराटॉप्सच्या चोचीत करकचून पकडला गेलाय. डावा हात त्याच्या डोक्याशी. आणि पाय वर आलाय, नख रोखून.

कुठे? पोटाशी नाही. गळ्यापाशी.

वाळूची टेकडी कोसळली असेल किंवा वादळ आलं असेल, पण झटापट संपायच्या आतच दोघं गाडले गेले, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. ‘फायटिंग डायनोसॉर्स’ या नावानं हा जीवाश्म जगभर ओळखला जातो आणि मंगोलिया त्याला राष्ट्रीय ठेवा मानतो. शिकारी आणि भक्ष्य असे प्रत्यक्ष भिडलेल्या अवस्थेत मिळणं हे किती दुर्मिळ! जीवाश्मात सहसा मेलेला प्राणी मिळतो, त्याचं वागणं मिळत नाही. इथे वागणंच दगड झालंय. तरीसुद्धा नख गळ्याशी आहे, पोटाशी नाही, या गोष्टीचा पुरता अर्थ लागायला बराच वेळ गेला.

कारण मध्ये आला सिनेमा.

१९८८ मध्ये ग्रेगरी पॉल या चित्रकार-संशोधकानं शिकारी डायनोसॉरवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं डायनॉनिकसला व्हेलोसिरॅप्टरचीच एक जात मानलं. बाकीच्यांनी ते वर्गीकरण मानलं नाही, पण मायकेल क्रायटन या कादंबरीकारानं ते वापरलं. १९९० मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ कादंबरी आली. क्रायटन यांनी ऑस्ट्रम यांच्याशी बोलून डायनॉनिकसची माहिती घेतली होती. नाव मात्र व्हेलोसिरॅप्टरचं ठेवलं, कारण ते कानाला जास्त नाट्यमय वाटतं. हे पुढे ऑस्ट्रम यांनीच सांगितलं. म्हणजे अंग एकाचं आणि नाव दुसऱ्याचं. १९९३ मध्ये स्पीलबर्गचा सिनेमा आला, १९९४ मध्ये हिंदी डबिंग होऊन आपल्याकडे आला आणि तुफान चालला. त्यातला तो सुरुवातीचा प्रसंग आठवतो? डॉक्टर ग्रँट एका आगाऊ पोराला सहा इंची नख दाखवून घाबरवतो, पोटावरून फिरवून? नखाचं ते दुसरं काम तिथे कायमचं कोरलं गेलं.

सहा इंच म्हणजे पंधरा सेंटिमीटर. आणि आपलं नख साडेसहा. हाडावर जिवंतपणी केराटिनचं आवरण असतं, त्यामुळे ते आणखी थोडं लांब दिसत असेल, पण पंधरा नक्कीच नाही. खरा व्हेलोसिरॅप्टर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम दोन मीटर, आणि त्यातली बरीच लांबी शेपटीचीच. वजन पंधरा-वीस किलो. उंची तुमच्या कमरेलाही पोचणार नाही. सिनेमातलं स्वयंपाकघराचं दार त्याला उघडता आलं असतं का, हा प्रश्न बाजूला ठेवू. मूठ त्या दांड्यापर्यंत पोचली तरी हाताचे तळवे खाली वळवणं त्याला जमत नव्हतं. त्याचे तळवे एकमेकांकडे असायचे, आपण टाळी वाजवतो तसे.

हे मनगटाचं प्रकरण फार महत्त्वाचं आहे बरं का. डायनॉनिकसच्या मनगटात अर्धचंद्रासारखं एक हाड आहे. त्यामुळे हात बाजूला घडी होऊन अंगालगत मिटतो. अशी घडी आज कोण घालतं? पक्षी, पंख मिटताना. ऑस्ट्रम यांनी १९७० च्या दशकात हाच धागा पकडून सांगितलं की पक्षी हे अशा शिकारी डायनोसॉरपासूनच आलेत. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. नुसत्या हाडांवर कसं मानायचं? पिसं दाखवा!

पिसं दाखवली चीननं. १९९६ मध्ये लियाओनिंग प्रांतातला सायनोसॉरोप्टेरिक्स जगापुढे आला. छोटा डायनोसॉर, अंगावर लव. न्यूयॉर्कमधल्या एका परिषदेत त्याचे फोटो हातोहात फिरत होते, आणि ते बघणाऱ्यांत स्वतः ऑस्ट्रम होते. वीस-पंचवीस वर्षं जे सांगत होते, ते समोर फोटोत! त्यानंतर लियाओनिंगमधून रांगच लागली. १९९९ मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्या गोतावळ्यातलाच सायनॉर्निथोसॉरस आला, पिसांसकट. मग चार पंखांचा मायक्रोरॅप्टर.

पण खुद्द व्हेलोसिरॅप्टरचं काय? गोबीच्या भरड वाळूत पिसं टिकत नाहीत. लियाओनिंगसारखी ज्वालामुखीची बारीक राख तिथे नव्हती. मग शोधायचं कसं? उत्तर मिळालं हाडावर. पक्ष्याच्या पंखातली मोठी पिसं कोपर ते मनगट या हाडाला घट्ट बांधलेली असतात आणि जिथे बांधलेली असतात तिथे हाडावर छोटे उंचवटे येतात. २००७ मध्ये अ‍ॅलन टर्नर, पीटर माकोविकी आणि मार्क नॉरेल यांनी गोबीत १९९८ मध्ये मिळालेल्या एका व्हेलोसिरॅप्टरच्या हातावर असे सहा उंचवटे दाखवले, समान अंतरावर. त्यावरून हिशोब केला तर त्या भागात साधारण चौदा मोठी पिसं बसतात. नुसती लव नाही, नीट पंखासारखी पिसं.

उडत होता का? नाही. हात त्या मानानं आखूड, अंग जड. पण एकदा पिसं आली की बाकीचे तुकडे आपोआप जागेवर बसतात. पोकळ हाडं. छातीपाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखं हाड, तेच जे चिकन खाताना तुमच्या ताटात येतं. व्हेलोसिरॅप्टरमधलं हे हाड १९९७ मध्ये ओळखलं गेलं. शेपटीचंही असंच. ती लोखंडी गजासारखी ताठ नव्हती. एका सांगाड्यात ती आडवी, नागमोडी वळलेली मिळाली. म्हणजे वर-खाली फारशी हलत नसली तरी डावी-उजवीकडे वळत होती. पळता पळता वळण घ्यायला हे फार उपयोगाचं.

आता परत नखाकडे. पिसं लागली, प्राणी पक्ष्याजवळ गेला, तरी नखाचं काम अजून ‘कोथळा काढणं’ हेच पुस्तकांत छापलं जात होतं. मग कुणीतरी विचारलं: करून बघूया का?

फिल मॅनिंग हे ब्रिटिश संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास चक्क एक यांत्रिक पाय बनवला. हायड्रॉलिक दाबावर चालणारा. त्याला नख बसवलं कार्बन फायबर आणि केव्हलारचं. समोर ठेवलं मेलेलं डुक्कर, आणि मगरीचं धूड. पाय जोरात आपटला. नख आत शिरलं, तीन-चार सेंटिमीटर. पण फाडलं नाही! ओढताना कातडी आणि मांस नखापुढे गोळा होत गेलं आणि नख तिथेच अडकलं. कारण नखाची आतली कड मुळात धारदार नाहीच, ती गोलसर आहे. विळ्याचा आकार आहे, पण विळ्याची धार नाही. गाठोडं उचलायचा आकडा असतो ना, हमाल वापरतात तो, त्याच्या जवळचं हे.

मॅनिंग यांनी मग तिसरं काम सुचवलं: मोठ्या भक्ष्याच्या अंगावर चढून चिकटून राहायचं, गिर्यारोहक बुटांना लोखंडी काटे लावून बर्फाच्या भिंतीवर चढतात तसं. चिकटायचं, आणि खरं काम दातांनी करायचं. मला विचाराल तर या प्रयोगाचं मोल या निष्कर्षापेक्षा पहिल्या अर्ध्या भागात जास्त आहे. चढण्याची कल्पना पुढे मागे पडली, पण फाडण्याची कल्पना तिथेच संपली.

चौथं काम सापडलं ते आपल्या डोक्यावरून रोज उडणाऱ्या प्राण्यात. २०११ मध्ये डेन्व्हर फाउलर आणि तीन सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. आजचे शिकारी पक्षी पायाची बोटं आणि नखं कशी वापरतात, ते बारकाईनं मोजलं. गरुड, ससाणे, घुबडं, सगळ्यांचे पाय. निघालं असं की गरुड आणि शिक्र्याच्या कुळात दुसऱ्या बोटाचं नख खूप मोठं असतं. तेच दुसरं बोट! आणि हे पक्षी त्या नखानं काय करतात?

शिक्रा बघितलाय? कबुतराएवढा करडा शिकारी, पुण्या-नाशिकच्या सोसायट्यांमध्येही असतो. तो साळुंकी किंवा सरडा पकडतो तेव्हा काय होतं? तो फाडत नाही. आधी वर चढून बसतो. अंगाचा सगळा भार भक्ष्यावर टाकतो, दुसऱ्या बोटाचं नख रोवतो, म्हणजे ते निसटत नाही. भक्ष्य धडपडतं, तेव्हा शिक्रा पंख फडफडवतो. उडायला नाही, तोल जाऊ नये म्हणून! आणि मग तसाच, पायाखाली दाबून ठेवून, खायला लागतो. भक्ष्य मेलंय का याची वाट बघतोच असं नाही. ऐकायला क्रूर वाटतं, पण साध्या पोटापाण्याच्या गोष्टी आहेत या.

फाउलर यांचं म्हणणं, व्हेलोसिरॅप्टर आणि त्याचे नातलग हेच करायचे, फक्त जमिनीवर. स्वतःपेक्षा लहान प्राण्यावर झडप, भार टाकून दाबणं, नखानं रोवून धरणं, पंखांसारखे हात फडफडवून तोल राखणं आणि जबड्यानं खाणं. त्यांच्या पायाचा खालचा भागही तसाच आहे: आखूड आणि दणकट, पकडीसाठी घडलेला. खूप जोरात पळणाऱ्यांचा तोच भाग लांब आणि सडपातळ असतो. म्हणजे नावात ‘चपळ’ असलं तरी हा काही गोबीतला चित्ता नव्हता. त्याची ताकद होती पकडीत. दातही तसेच: मागे वळलेले, मागच्या कडेला करवतीसारखे जास्त दातेरी. मांसाचा लचका ओढून तोडायला बरे.

मला स्वतःला ही मांडणी सगळ्यात पटते, आणि कारण साधं आहे. आधीच्या तिन्ही कामांत नख हे सुटं हत्यार होतं. इथे नख, आखूड पाय, ताठ शेपूट, पिसांचे हात, मागे वळलेले दात, सगळ्यांना एकाच शिकारीत काम मिळतं.

पण मग तुग्रिकीन शिरेची ती जोडी? प्रोटोसेराटॉप्स तर व्हेलोसिरॅप्टरपेक्षा बराच जड. आडवा करून दाबून ठेवता येईल असं भक्ष्य नव्हेच ते. म्हणून मला तरी वाटतं की जगातला सगळ्यात प्रसिद्ध शिकारीचा जीवाश्म ही बहुधा फसलेली शिकार आहे. वाळू कोसळण्याआधीच शिकाऱ्याचा हात भक्ष्याच्या चोचीत अडकला होता, आणि ती चोच साधीसुधी नव्हती. नख गळ्याशी रोखलेलं आहे ते भूक म्हणून की सुटका करून घ्यायला, हे बघणाऱ्यानं ठरवावं. ते पोटाशी मात्र नाही, एवढं तो दगड पन्नास वर्षं सांगत होता.

आणि रोजचं जेवण अशा कुस्त्या खेळूनच मिळत असेल असंही नाही. २०१२ मध्ये एका व्हेलोसिरॅप्टरच्या पोटाच्या जागी टेरोसॉरचं, म्हणजे उडणाऱ्या सरीसृपाचं, साडेसात सेंटिमीटरचं हाड सापडल्याचं जाहीर झालं. तो टेरोसॉर इतका मोठा असणार की त्याला जिवंत पकडणं अवघडच. बहुधा मेलेला सापडला आणि याने ताव मारला. त्याआधी २०१० मध्ये चीनच्या इनर मंगोलियातून प्रोटोसेराटॉप्सच्या जबड्याचे तुकडे मिळाले होते, दातांच्या ओरखड्यांसकट, आणि शेजारी गळून पडलेले शिकाऱ्याचे दात. जबड्यावर मांस ते किती! म्हणजे उरलंसुरलं खरवडून खाल्लं होतं. आजचा कुठलाही शिकारी प्राणी घ्या, फुकटचं मिळालं तर सोडत नाही.

वेळ कुठली? डोळ्याभोवती हाडाचं एक कडं असतं, त्याच्या मापावरून डोळा किती उजेडात काम करायचा याचा अंदाज येतो. २०११ मध्ये लार्स श्मिट्झ आणि रिओसुके मोतानी यांनी ते मोजलं. व्हेलोसिरॅप्टर निघाला रात्रीचा. प्रोटोसेराटॉप्स दिवसा आणि रात्रीही थोडा थोडा वावरणारा. मग ती झटापट अंधारात किंवा संधिप्रकाशात झाली असेल का? शक्य आहे. साडेसात ते सात कोटी वर्षांपूर्वीचा काळ हा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ तेव्हा लाव्हा होऊन बाहेरही पडला नव्हता.

राहिली टोळीची गोष्ट. कमेंटमध्ये हा प्रश्न हमखास येतो, म्हणून थोडक्यात. ऑस्ट्रम यांना एकत्र सापडलेली हाडं टोळीचा पुरावा वाटली होती. २००७ मध्ये ब्रायन रोच आणि डॅनियल ब्रिंकमन यांनी विचारलं, कोमोडो ड्रॅगनसुद्धा एका मढ्यावर जमतात, भांडतात, एकमेकांना मारतात. त्यांना आपण टोळी म्हणतो का? २०२० मध्ये डायनॉनिकसच्या लहान आणि मोठ्या दातांमधला कार्बन तपासला गेला. पिल्लं आणि मोठे वेगळं वेगळं खात होते असं निघालं. लांडग्यांच्या टोळीत तसं होत नाही, तिथे मोठ्यांनी मारलेलं पिल्लंही खातात. उलट बाजूला चीनच्या शानदोंगमध्ये अशाच एका मोठ्या डायनोसॉरचे पायाचे ठसे आहेत, सहा प्राण्यांचे, जवळजवळ आणि एकाच दिशेनं. एकत्र चालत होते, एवढं दिसतं. शिकार एकत्र करत होते का, हे ठशात दिसत नाही. बाय द वे, त्या प्रत्येक ठशात बोटं दोनच उमटलीत. दुसऱ्या बोटाची नुसती बुडाची खूण. ऑस्ट्रम यांनी १९६९ मध्ये सांध्यावरून जे सांगितलं होतं, नख वर उचलून चालणं, ते चिखलानं जसंच्या तसं जपून ठेवलंय.

जाता जाता एक गोष्ट. फाउलर यांच्या मांडणीतला फडफडण्याचा भाग पुढे उडण्याच्या चर्चेत गेलाय. पायानं पकडायचं काम उचललं की हात मोकळे होतात. मोकळे हात, त्यावर लांब पिसं, आणि धडपडणाऱ्या भक्ष्यावर तोल सांभाळायला जोरजोरात फडफड. उडण्यासाठी लागणारी हाताची हालचाल उडण्याच्या आधीच, अशा शिकारीत, तयार होत गेली असेल का? सगळ्यांना हे पटलेलं नाही. झाडावरून तरंगत खाली येण्यातून उड्डाण आलं म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्या हातात हुकमाचा पत्ता आहे तो चार पंखांचा मायक्रोरॅप्टर.

त्याच्यावर पुढचा भाग. तोवर गच्चीत किंवा गॅलरीत शिक्रा दिसला तर व्हिडिओ काढा आणि पाठवा, पायाच्या दुसऱ्या बोटावर झूम करून. रामराम!